मूळ आवाज आणि त्याच्या नकला

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी मला आग्रहाने मुलुंडच्या आपल्या घरी घेऊन गेला. आज तो अभियंता आहे. कित्येक वर्षे पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने घरी उत्तम ध्वनियंत्रणा उभी केली आहे. दोन उंच स्पीकर, जड अ‍ॅम्प्लिफायर, जुना पण दुरुस्त करून घेतलेला कॅसेट डेक आणि इंटरनेटवरून गाणी ऐकवणारे एक यंत्र, असा तो संसार होता. "सर, वसतिगृहात असताना एका फुटक्या स्पीकरवर आपण ही गाणी ऐकली. आज एकदा ती नीट ऐकू," असे तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातील एकच भीमगीत तीन प्रकारे ऐकले. प्रथम मोबाइलवरील एका सशुल्क सेवेतून, मग 'शंभर गाणी एकाच तबकडीत' अशा धाटणीच्या एमपीथ्री सीडीवरून आणि शेवटी त्याच्या आईने जपून ठेवलेल्या जुन्या कॅसेटवरून. अपेक्षा अशी होती की सशुल्क सेवेतील गाणे सर्वांत सरस ठरेल. घडले उलटेच. ते गाणे मोठे वाजत होते, स्वच्छही वाटत होते, पण दुसऱ्या कडव्यापर्यंत कान शिणले. सीडीवर ढोलकीची थाप पाण्यात भिजल्यासारखी लागली. कॅसेटवर खरखर होतीच, तरीही तिच्यातून एक माणूस समोर उभा राहून गात होता. कोरस त्याच्या मागे होता, ढोलकी बाजूला होती आणि कडवे संपवून श्वास घेतल्याचेही कळत होते.

"सर, एवढा खर्च करून शेवटी कॅसेटच बरी वाटावी, हे कसे? मग ही सगळी यंत्रे फसवी म्हणायची का?" त्याने विचारले.

मी ध्वनितंत्रज्ञ नाही, इतिहासाचा शिक्षक आहे. परंतु हा प्रश्न मला परका वाटला नाही. कोणतेही साधन हाती आले की इतिहासाचा अभ्यासक पहिली चौकशी हीच करतो: हे अस्सल आहे की नक्कल? नक्कल असेल तर कितवी आणि ती कोणी, कशासाठी केली? ध्वनिमुद्रणालाही हीच कसोटी लावावी लागते. त्यानंतर मी थोडे वाचन केले, काही जाणकारांना विचारले. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो, कारण या प्रश्नाचा संबंध एका हौशी माणसाच्या दिवाणखान्यापुरता नाही, आपल्या समाजाच्या स्मृतीशी आहे.

शिलालेख, ठसा आणि छापील चित्र

आपल्या विद्यार्थ्यांची सहल बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांना जाते, तेव्हा मी त्यांना ब्राह्मी अक्षरांसमोर उभे करतो. दगडातील अक्षराची खोली, छिन्नीचा कोन, झीज, हे सर्व तेथे डोळ्यांना दिसते. त्या शिलालेखावर ओला कागद बसवून ठसा घेतला, तर अक्षरे उमटतात पण दगडाचा पोत जातो. ठशाचे छायाचित्र काढले, ते पुस्तकात छापले आणि त्या पुस्तकाची झेरॉक्स काढली, तर अखेर काळ्या-पांढऱ्या डागांखेरीज काही उरत नाही. ती झेरॉक्स पाहून कोणी म्हणाले, "त्या काळच्या लोकांना नीट कोरता येत नव्हते", तर आपण त्याला हसू. आपल्या जुन्या गाण्यांच्या बाबतीत मात्र आपण हेच म्हणत आलो आहोत. दहाव्या नकलेवरून आपण मूळ गायकाची आणि मूळ मुद्रणाची किंमत करतो.

गाणे आपल्या कानापर्यंत येण्यापूर्वी तीन टप्प्यांतून जाते. पहिला टप्पा ध्वनिमुद्रणाचा: गायक आणि वादक यांच्यासमोर मायक्रोफोन ठेवून आवाज टिपला जातो. दुसरा मिश्रणाचा: आवाज, ढोलकी, हार्मोनियम, बेंजो आणि कोरस यांपैकी कोण पुढे, कोण मागे, हे ठरते. तिसऱ्याला सर्वत्र 'मास्टरिंग' असेच म्हणतात. तयार झालेले गाणे ज्या माध्यमावर जाणार त्याला साजेसे करणे, त्याचा एकूण आवाज, खर्ज आणि तार यांचा तोल ठरवणे आणि ज्यावरून पुढील सर्व प्रती निघतील ती अंतिम प्रत सिद्ध करणे, हे या टप्प्याचे काम. या अंतिम प्रतीला 'मास्टर' म्हणतात. छापखान्याच्या भाषेत सांगायचे तर हे शेवटचे मुद्रितशोधन होय. येथे राहिलेली चूक प्रत्येक प्रतीत जाते आणि येथे गमावलेली गोष्ट कितीही महागड्या यंत्रावर परत मिळत नाही.

माध्यमांच्या मर्यादा

प्रत्येक माध्यमाने गाण्याला काही अटी घातल्या. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्ये कलकत्त्यात आरंभ झाला आणि गौहर जान यांचा आवाज मेणाच्या तबकडीवर उमटला. १९०८ मध्ये तेथेच सियालदहला तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. खयाल गाणाऱ्यांनी आपली गायकी त्या मापात बसवली. परंतु रात्रभर चालणारा, गाण्यातून प्रबोधनाकडे आणि प्रबोधनातून पुन्हा गाण्याकडे वळणारा आंबेडकरी जलसा त्या तबकडीत कसा मावणार? माध्यमाची लांबीसुद्धा इतिहासात कोणाचा आवाज उरेल हे ठरवते.

१९४८ मध्ये अमेरिकेत मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तर अचूक सांगायचे झाल्यास ३३⅓ फेऱ्यांची एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे बसू लागले. एलपीचे मास्टरिंग ही खरी कारागिरी असते. खर्जाचे स्वर खाचेला रुंद करतात. ते जसेच्या तसे कोरले तर जागा संपते आणि सुई खाचेबाहेर उडते. म्हणून कोरताना खर्ज कमी करतात, तार वाढवतात आणि ऐकताना अ‍ॅम्प्लिफायर नेमके उलट करून तोल परत आणतो. यासाठीचे प्रमाण १९५४ मध्ये अमेरिकेत ठरले आणि पुढे जगभर रूढ झाले. आणखी एक अडचण भूमितीची आहे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१ सेंटिमीटर. फेरे तेवढेच, पण जागा निम्म्याहून कमी. त्यामुळे बाजूचे शेवटचे गाणे पहिल्याइतके सुस्पष्ट लागत नाही.

१९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. तबकडी छापायला कारखाना लागतो. कॅसेट भरायला दोन यंत्रे पुरतात. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटचा पूर आला आणि मोठ्या कंपन्यांच्या उंबरठ्यापर्यंत कधी न पोहोचलेले गायक घराघरांत पोहोचले. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील या बदलावर १९९३ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. महाराष्ट्रात चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरच्या आगेमागे पदपथावर मांडलेल्या भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. वामनदादा कर्डक यांची रचना, विठ्ठल उमप यांचा पहाडी आवाज, प्रल्हाद शिंदे यांची आर्त फेक, हे सर्व घरच्या टू-इन-वनवर आले ते कॅसेटमुळे.

या स्वस्ताईची किंमत मात्र मोजावी लागली. स्टुडिओतील फीत निदान पाव इंच रुंद असते आणि ती सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावते. कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, तिच्यावर दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे आणि वेग सेकंदाला पाच सेंटिमीटरहून कमी. एका सेकंदाच्या गाण्याला स्टुडिओत जेवढी जागा मिळाली त्याच्या आठव्या भागाइतकी लांबी आणि त्याहूनही अपुरी रुंदी येथे मिळते. जागा कमी की खरखर जास्त. त्यात बाजारी प्रती मूळ वेगाच्या कित्येक पट वेगाने भरल्या जात आणि नाक्यावरच्या दुकानात कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवून घेण्याची सोय होती, तेथे तर नकलेची नक्कल होई. प्रत्येक पिढीत खरखर चढे आणि झांजेची चमक उतरे.

१९८२ मध्ये सीडी आली. तिच्यात आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवले जाते. निरोगी तरुण कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. ते नोंदवायला त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मोजणी पुरेशी होते, हे या आकड्यामागचे गणित. अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज यांतील सुमारे ९६ डेसिबलचे अंतर सीडी सांभाळू शकते. साध्या कॅसेटला त्यातले पन्नासच्या आसपास जमते. शिवाय आकड्यांची नक्कल करताना खरखर वाढत नाही. शंभरावी प्रत पहिल्यासारखीच असते.

१९९० च्या दशकात जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांच्या परिश्रमांतून एमपीथ्री पुढे आली. मोठ्या आवाजाच्या सावलीत लहान आवाज आपल्याला ऐकू येत नाही, या कानाच्या स्वभावाचा तिने उपयोग केला. जे ऐकू येणार नाही ते टाकून द्यायचे. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटची एमपीथ्री तिच्या अकराव्या हिश्श्यात काम भागवते. सलग सुरांत ही काटकसर सहसा लक्षात येत नाही. परंतु ढोलकीची थाप, हलगीचा कडकडाट किंवा झांजेचा आघात एका क्षणात उसळतो आणि काटकसर जास्त झाली की त्या आघाताच्या कडा विरतात. मुलुंडला ढोलकी भिजल्यासारखी लागली ती यामुळे. आपले संगीत मुख्यत्वे आघाताचे असल्याने त्याला हा फटका अधिक बसतो.

आता बाजारात सीडीहून सूक्ष्म, म्हणजे ९६,००० किंवा १,९२,००० मोजणीच्या मुद्रणांचा गाजावाजा आहे. मुद्रण आणि जतन करताना या सूक्ष्मतेचा उपयोग निश्चित होतो. ऐकताना किती होतो, याविषयी मेयर आणि मोरॅन या अमेरिकी अभ्यासकांची पाहणी २००७ मध्ये ध्वनितंत्रज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेच सूक्ष्म मुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून, श्रोत्यांना न सांगता ऐकवण्यात आले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी याहून वेगळे घडले नसते. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट नोंदवली गेली: सूक्ष्म माध्यमावर निघालेल्या अनेक तबकड्या खरोखरच सुरेल वाजत होत्या. याचे कारण त्यांचे मास्टरिंग अधिक निगुतीने झाले होते.

मोठ्या आवाजाची स्पर्धा

येथे आपण मूळ प्रश्नापाशी येतो. सीडीसारखे सामर्थ्यवान माध्यम हाती आल्यावर गाणी अधिक चांगली वाजायला हवी होती. पण एकाच गाण्याच्या दोन प्रती ऐकवल्या तर किंचित मोठी वाजणारी प्रत माणसाला प्रथमदर्शनी सरस वाटते, हे व्यापाराने ओळखले. आकड्यांच्या माध्यमाला वरचे टोक ठरलेले असते. त्यापलीकडे आवाज जाऊ शकत नाही. मग एकच मार्ग उरतो. गाण्यातील उंच शिखरे छाटायची आणि उरलेले सर्व वर उचलायचे. हळू आवाज मोठा होतो, मोठा तेवढाच राहतो आणि दोहोंतील अंतर नाहीसे होते. २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाचा एक संग्रह निघाला, तेव्हा चाहत्यांच्या ध्यानात आले की त्यातील गाणी एका संगणकीय खेळात सीडीपेक्षा चांगली वाजतात. गाणे तेच होते, पण खेळासाठी दिलेल्या प्रतीची शिखरे छाटलेली नव्हती.

वक्तृत्वाचे उदाहरण घ्या. चांगला वक्ता आवाज खाली आणतो, थांबतो आणि मग उसळतो. त्याचे प्रत्येक वाक्य सारख्याच पट्टीत ओरडून ऐकवले, तर शब्द तेच राहतील पण भाषण मरेल. शाहिराचे गाणे तर वक्तृत्वाचेच भावंड आहे. कोरस ओसरतो, एकटा आवाज प्रश्न विचारतो आणि क्षणभराने ढोलकी कोसळते. ही चढउतार सपाट केली की गाण्याचा अर्थच सपाट होतो. हल्ली बहुतेक मोठ्या सेवा सर्व गाणी सरासरी एका पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे या स्पर्धेतून मिळणारा लाभही उरलेला नाही. एकदा छाटलेली शिखरे मात्र परत उगवत नाहीत.

माझ्या विद्यार्थ्याने नंतर ती दोन्ही रूपे संगणकावर चित्ररूपात मांडून दाखवली. कॅसेटवरील गाणे डोंगररांगेसारखे दिसत होते. सेवेतील गाणे विटांच्या भिंतीसारखे होते, आरंभापासून शेवटपर्यंत एकाच उंचीचे. दोन शब्दांच्या मधल्या शांततेत एक मंद खरखर अचानक उमटून लुप्त होत होती. म्हणजे ही 'नवी' प्रतही बहुधा एखाद्या कॅसेटवरूनच केली होती आणि खरखर पुसण्याच्या यंत्रणेने तिच्याबरोबर गायकाचा श्वासही पुसला होता. कॅसेटवर ६ मिनिटे १२ सेकंदांचे असलेले गाणे येथे ६ मिनिटे १ सेकंदात संपत होते. त्याच्या डेकची गती त्याने प्रमाणित कॅसेट लावून आधीच तपासली होती. अर्थात नक्कल करणारे यंत्र सुमारे तीन टक्के मंद भरत होते किंवा वाजवणारे तेवढेच वेगाने धावत होते. सहा टक्क्यांचा फरक म्हणजे हार्मोनियमची एक पूर्ण पट्टी. येथे अर्धी पट्टी चढली होती. म्हणूनच तो भरदार आवाज आम्हाला किंचित पातळ वाटला होता.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर यात आले. त्याची यंत्रे फसवी नव्हती, उलट फार प्रामाणिक होती. जे मिळाले ते त्यांनी जसेच्या तसे समोर ठेवले. आईची कॅसेट मुळाच्या अधिक जवळची नक्कल होती, एवढेच. सुस्थितीतील मूळ फितीवरून निगुतीने केलेली सीडी त्या कॅसेटला सहज मागे टाकील. तात्पर्य, माध्यम श्रेष्ठ की कनिष्ठ, हा प्रश्न दुय्यम आहे. हाती आलेली प्रत मुळापासून किती अंतरावर आहे आणि मधल्या प्रत्येक हाताने काय केले, हा प्रश्न पहिला. आणखी एक गोष्ट त्याला सांगितली, तीही लेण्यातलीच. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहात वंदना घेतली की स्वर दगडावरून परतून एकमेकांत मिसळतात. वंदनेला ते शोभते. पण फरशी, काच आणि उघड्या भिंती असलेल्या आपल्या उपनगरी खोलीत हेच घडले की शब्द अस्पष्ट होतात. जाड पडदा, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट, यांनी जो फरक पडतो तो महागड्या तारेने पडत नाही.

आपल्यासाठी हा प्रश्न वेगळा का?

ज्यांचा इतिहास राजदरबारांत, दफ्तरखान्यांत आणि ग्रंथालयांत जपला गेला, त्यांचे एखादे मुद्रण हरवले तर इतर साधने उरतात. आपला बराच इतिहास गाण्यात आहे. बाबासाहेबांचा लढा खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसांपर्यंत नेला तो जलशांनी आणि शाहिरांनी. त्यांचे आवाज हीच अस्सल साधने होत.

खुद्द बाबासाहेबांचा आवाज घ्या. १९५५ मध्ये बीबीसीने घेतलेल्या त्यांच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या त्याच्या तुकड्यांवर अनेकदा कोणीतरी पार्श्वसंगीत चढवलेले असते आणि आवाज ताणून मोठा केलेला असतो. वर्गातील एका मुलीने मला विचारले होते, "सर, बाबासाहेबांचा आवाज असा चिरका होता का?" मी तिला संगीत न चढवलेली प्रत ऐकवली. संथ, ठाम, शब्द तोलून टाकणारा तो आवाज तिने शेवटपर्यंत हलता न हलता ऐकला. एका वाईट नकलेने त्या मुलीच्या मनात एका महामानवाची चुकीची प्रतिमा उभी केली होती.

आपल्या उपनगरांतील उदाहरण याहून जवळचे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधील आपल्या झोपडीत जीवनयात्रा संपवली. आज त्यांचा आवाज नव्या पिढीला ऐकता येतो तो मुख्यतः आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) आणि 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटांमुळे. कोणीतरी वेळीच मायक्रोफोन धरला आणि ती फीत जपली, म्हणून तो आवाज उरला. ज्यांच्यासमोर कोणी मायक्रोफोन धरला नाही, किंवा धरला पण फीत जपली नाही, अशा शाहिरांची गणती कोण करणार?

यात माझा स्वतःचाही दोष आहे, तो येथे सांगितला पाहिजे. माझ्या वडिलांनी आमच्या घाटकोपरच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या रात्री झालेला एका शाहिराचा कार्यक्रम टू-इन-वन मंडपात ठेवून टिपला होता. कॅसेटवर त्यांनी निळ्या शाईने तारीख लिहिली होती. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला त्या दिवशी, आमच्या घरात कमरेइतके पाणी शिरले. चिखलाने भरलेल्या कॅसेटची पेटी मी स्वतः कचऱ्यात टाकली. विकत घेतलेल्या कॅसेट पुढे पुन्हा मिळाल्या. ती एक मिळाली नाही, कारण तिची दुसरी प्रत जगात नव्हती. ती स्वतःच मास्टर होती. भिजलेली फीत स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन, सावलीत वाळवून, नव्या डबीत बसवली तर बहुधा वाचते, हे मला कितीतरी वर्षांनी समजले. वडिलांनी मला त्याबद्दल कधीही दोष दिला नाही. म्हणूनच ते अधिक लागते.

आपण काय करावे?

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे की घरातील माळे आणि पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. जयंतीचा कार्यक्रम, एखाद्या भन्तेंची धम्मदेशना, आजीच्या ओव्या, गावच्या गायनपार्टीचे गाणे, असे जे घरी मुद्रित केलेले असेल ते आधी बाजूला काढावे. बाजारी कॅसेटची प्रत अन्यत्र सापडू शकते. घरच्या मुद्रणाची सापडणार नाही.

अशी कॅसेट मिळाली की तिच्या मागच्या कडेवरील दोन्ही छोटे पापुद्रे मोडून टाकावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नये. आधी जाणकाराला दाखवावी. वाजवण्यापूर्वी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्यावी. यंत्राचे हेड स्पिरिटने पुसावे. हेडचा कोन बदलणारा बारीक स्क्रू असतो. झांजेचा आणि 'स', 'श' या अक्षरांचा आवाज जास्तीत जास्त स्पष्ट येईपर्यंत तो हलकेच फिरवावा. या एका कृतीने जेवढे परत मिळते तेवढे नंतर कोणत्याही संगणकाने मिळत नाही.

संगणकावर उतरवताना एमपीथ्री करू नये. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी सेकंदाला किमान ४८,००० मोजणी आणि २४ बिट हे माप सांगितले आहे. ९६,००० असल्यास उत्तम. वेव्ह किंवा फ्लॅक या स्वरूपात ती प्रत ठेवावी आणि तिच्यावरची खरखर पुसू नये. खरखर हाही पुराव्याचाच भाग आहे. ऐकण्यासाठी दुसरी प्रत करून तिच्यावर हवे ते संस्कार करावेत. उद्या अधिक चांगले तंत्र निघेल, तेव्हा पहिली प्रत हाताशी असली पाहिजे. निदान तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी. पूर एका घरात येतो, सर्व घरांत नाही. मूळ कॅसेट तर मुळीच टाकू नये.

आणि प्रत्येक मुद्रणासोबत एक कागद असावा: गाणारे कोण, रचना कोणाची, ढोलकी कोणाची, कोरसात कोण, जागा कोणती, तारीख कोणती, कोणत्या यंत्रावर टिपले. आपल्या कितीतरी गाण्यांवर रचनाकाराचे नाव राहिलेले नाही. आवाज जपून नाव गमावणे ही अर्धीच कृतज्ञता ठरेल. आपल्या विद्यालयाच्या वाचनालयात अशा मुद्रणांसाठी एक कपाट आणि एक नोंदवही असावी, अशी सूचना मी संचालक मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. मुलुंडच्या त्या विद्यार्थ्याने आपला कॅसेट डेक आणि दर महिन्याचा एक रविवार या कामासाठी देण्याचे कबूल केले आहे.

भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पाचशे भिक्खू एकत्र आले. भदन्त महाकस्सपांनी प्रश्न विचारले, उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला, आणि जे ऐकले ते नीट ऐकले गेले आहे याची सर्वांनी मिळून खातरजमा केली. त्या सभेला 'संगीति' म्हणतात, म्हणजे एकत्र गाणे, एकत्र पठण. पुढे शतकानुशतके तो ठेवा मुखानेच चालत आला आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ग्रंथांत उतरला. मूळ वचन आणि त्याची प्रत यांतील अंतर वाढू नये, यासाठी घेतलेली ती काळजी होती. त्या परंपरेचे आपण वारस आहोत. पुढच्या वर्षी या स्मरणिकेत त्या कपाटात काय काय जमले याची यादी छापता यावी, एवढीच अपेक्षा आहे.

जय भीम.